दुभत्या गाईची लाथ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सगळेच वापरतात. ज्याच्यापासून फायदा होतो त्याचा त्रासही माणूस हसतमुखाने सोसतो, असा तिचा अर्थ. म्हण अर्थातच माणसांबद्दल आहे. पण गाय पाळणाऱ्याने ती शब्दशः घेतली तर त्याचे नुकसान ठरलेले. रोज शांतपणे पान्हा सोडणारी गाय एके दिवशी धार काढताना पाय झाडू लागली, सडाला हात लावताच अंग चोरू लागली, तर ती लाथ गोड मानून चालत नाही. बहुधा ती तक्रार असते. मुक्या जनावराजवळ तक्रार करायला दुसरी भाषा नसते.

ज्या दुखण्याची ही तक्रार असते त्याला पशुवैद्यकाच्या पुस्तकात ‘कासदाह’ किंवा ‘स्तनदाह’ म्हणतात. इंग्रजी नाव मॅस्टायटिस. खेड्यात ‘दगडी’ म्हणतात, कारण दुखणे वाढले की मऊ कास दगडासारखी कठीण होते. आमच्या पूर्व विदर्भात शेजारच्या हिंदीतून आलेला ‘थनैला’ हा शब्दही कानावर पडतो. नाव कोणतेही घ्या, गोष्ट एकच. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरतात, कासेत वाढतात आणि दूध तयार करणारा भाग आतून पोखरतात.

मी कविता लिहिणारा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण केशोरीसारख्या गावात राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळ हे गाव. लाल मिरचीसाठी त्याचे नाव झाले. बाकी मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. इथे मोठे गोठे नाहीत. एखाद-दुसरी गाय दाराशी बांधलेली, आणि तिच्या दुधावर घरचा चहा, पोरांचे दूध आणि उरलेल्यातून तेल-मिठाचा खर्च. अशा घरात गाईचे एक सड बंद पडणे ही किरकोळ गोष्ट नसते.

चार खोल्यांचे घर

गाईची कास बाहेरून एक दिसते. आतून ते चार स्वतंत्र खोल्यांचे घर आहे. एकेका सडाची एकेक खोली. एका खोलीतले दूध आतल्या आत दुसरीत जात नाही. त्यामुळे एका सडाचा रोग आतून दुसऱ्या सडात पसरत नाही. तो पसरतो बाहेरून. धार काढणाऱ्याच्या हाताने, एकाच ओल्या फडक्याने, एकाच बादलीतल्या पाण्याने. हा एक मुद्दा नीट लक्षात राहिला तरी अर्धी लढाई जिंकली.

या घराला दरवाजाही आहे. सडाच्या टोकाला साधारण एक सेंटिमीटर लांबीची बारीक नळी असते. तिच्या भोवतीचा स्नायू ती आवळून धरतो आणि आतल्या बाजूला केराटिन नावाच्या पदार्थाचा थर असतो. आपली नखे-केस ज्या पदार्थाचे बनतात त्याच जातीचा हा पदार्थ. तो जंतूंना अडवतो. निसर्गाने बंदोबस्त चांगला केला आहे. पण धार काढताना हा दरवाजा उघडावाच लागतो आणि धार संपल्यावर तो लगेच मिटत नाही. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक वेळ तो किलकिला राहतो. नेमक्या याच वेळी गाय दमून शेणा-मुताच्या ओलीवर बसली, तर जंतूंना आयते आमंत्रण.

आत शिरलेल्या जंतूंना कासेत हवे ते सगळे मिळते. दूध हे त्यांचेही पूर्णान्न आहे आणि ऊब शरीराची. अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून बघा. एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. म्हणजे सकाळच्या धारेनंतर शिरलेला पाहुणा संध्याकाळच्या धारेपर्यंत मोठे कुटुंब करून बसलेला असतो.

रोग एक, जंतू अनेक

जनावरांचा एक भयंकर रोग म्हणजे बुळकांडी. लसीच्या बळावर तो हटला आणि २०११ साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. कासदाहाचे तसे होत नाही, कारण हा एका जंतूचा रोग नाही. शंभराहून अधिक प्रकारचे सूक्ष्मजीव तो घडवू शकतात. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात.

पहिला गट गाईच्याच अंगावर आणि आजारी कासेत राहणाऱ्यांचा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्शिए हे त्यातले दोन मुख्य. या दुसऱ्या नावाचा मूळ अर्थच ‘दूध नाहीसे होणे’ असा आहे. शास्त्रज्ञ नावे ठेवताना कधीकधी फार नेमके बोलून जातात. हे जंतू एका गाईकडून दुसरीकडे जातात ते धार काढणाऱ्याच्या हाताने. आधी आजारी गाय पिळली, त्याच हाताने निरोगी गाय पिळली, की झाले काम.

दुसरा गट परिसरात राहणाऱ्यांचा. शेणात, चिखलात, ओल्या गवतात. ई. कोलाय हा त्यांतला पुढारी. भुश्शासारख्या ओल्या बिछान्यात वाढणारा क्लेबसिएला त्याचा भाऊबंद. या जंतूंचा हल्ला बहुधा एकाएकी होतो. संध्याकाळी ठीक असलेली गाय सकाळी तापाने फणफणते, चारा सोडते, कास लाल-गरम होते आणि दुधाऐवजी पिवळसर पाणी येते.

आता हा दुसरा गट आमच्या धानपट्ट्यात कधी जोर करतो ते सांगायला नको. आषाढ-श्रावणात रोवणीचा हंगाम असतो. अंगणात चिखल, बांधीत चिखल, कोठ्यात चिखल. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. घरच्या बाया पहाटे उठून घाईघाईने धार काढतात आणि रोवणीला जातात, कारण रोवणीचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. कोठ्यातले शेण दुपारपर्यंत तसेच. गाय त्यातच बसते. पुस्तकात ‘परिसरजन्य कासदाह’ म्हणतात तो हाच. यात कुणाचा आळस नाही. एका माणसाला दोन माणसांचे काम करावे लागते, त्याचा हा परिणाम आहे. उपाय सुचवणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

आणखी एक बदल गेल्या काही दशकांत झाला. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. अशा संस्थांनी आणि सरकारी खात्याने संकरित गाई खेडोपाडी पोहोचवल्या. दूध वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण जास्त दुधाच्या गाईची कास मोठी आणि तिच्यावरचा ताणही मोठा. आमच्या भागातली काठाणी गाय, जिची देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर २०२३ साली नोंद झाली, दूध थोडे देते. पण चिखल-पावसात टिकते. संकरित गाय आणली की तिच्यासोबत तिच्या निगेचे नियमही घरात आणावे लागतात. आपण गाय आणली, नियम मात्र बाहेरच राहिले.

न दिसणारा रोग

सूज आली, ताप आला, दुधात गुठळ्या पडल्या, कधी रक्त उतरले की रोग सगळ्यांना दिसतो. घरात कुणीतरी ‘दृष्ट लागली’ म्हणतो, मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. त्याला माझा विरोध नाही. पण ओवाळून झाल्यावर डॉक्टरांना बोलवावे, एवढेच म्हणणे आहे.

खरी अडचण दिसणाऱ्या रोगाची नाहीच. ती न दिसणाऱ्या रोगाची आहे. एका दिसणाऱ्या दुखण्यामागे कितीतरी गाईंना कासदाह छुप्या रूपात असतो. कास मऊ, दूध पांढरेशुभ्र, गाय चारा खाते, रवंथ करते. फक्त दूध हळूहळू कमी होत जाते. मालक म्हणतो, चारा कमी पडला असेल, ऊन वाढले असेल, वेत जुने झाले असेल. महिन्यामागून महिने जातात. आत दुधाच्या पेशी मरत असतात आणि त्यांच्या जागी निकामी तंतू तयार होत असतात. तो भाग पुन्हा दूध देत नाही.

हा छुपा रोग ओळखायचा कसा? शरीराचा कायदा असा की जंतू आले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावतात. कासेत जंतू शिरले की या पेशी दुधात उतरतात. निरोगी कासेच्या एका मिलिलिटर दुधात त्या साधारण एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की जंतूंचा शिरकाव झाल्याचे समजतात. युरोपात दुधातल्या या पेशींची मर्यादा मिलिलिटरला चार लाख, अमेरिकेत साडेसात लाख ठरवलेली आहे. आपल्याकडे गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ बघतात. पेशींची मोजणी सहसा होत नाही.

पण त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी १९५७ साली एक साधी चाचणी मांडली. चार खळग्यांच्या थाळीत चार सडांचे थोडे थोडे दूध घ्यायचे, तेवढेच एक रसायन टाकायचे आणि थाळी गोल फिरवायची. पेशी जास्त असतील तर त्या फुटतात आणि दुधाचा चिकट गोळा होतो. ज्या खळग्यात दूध दाटले, ते सड आजारी. हे रसायन मुळात साबणाच्या जातीचे असते. म्हणून ते हाताशी नसेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणीही अंदाज देऊ शकते. एक लिटर पाण्यात तीसेक ग्रॅम पावडर विरघळवायची आणि दुधाइतकेच ते पाणी घालायचे. दूध पातळच राहिले तर ठीक, शेंबडासारखे दाटले तर सावध व्हावे. चाचणीचे दूध मात्र लगेच फेकून द्यावे. चीक देणारी ताजी व्यालेली गाय आणि आटत आलेली गाय यांच्या दुधात पेशी एरवीही जास्त असतात, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

दुधाची चव का बिघडते

दूध ही गंमतीची वस्तू आहे. ते रक्तापासून बनते. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून शेकडो लिटर रक्त फिरावे लागते. पण दूध म्हणजे गाळलेले रक्त नव्हे. कासेतल्या पेशी रक्तातून कच्चा माल घेतात आणि नवीनच पदार्थ घडवतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि केसीन हे प्रथिन त्यांनीच तयार केलेले. रक्त आणि दूध यांच्यामध्ये या पेशींचीच भिंत असते.

कासदाहात ही भिंत भेगाळते. इकडची साखर तिकडे आणि तिकडचे मीठ इकडे येते. लॅक्टोज कमी होते, सोडियम आणि क्लोराइड वाढतात, म्हणून दूध किंचित खारट लागते. ताजे दूध किंचित आम्ल असते, त्याचा सामू ६.६ च्या आसपास. रक्ताचा सामू ७.४. रक्तातले घटक दुधात झिरपले की दुधाचा सामूही वर सरकतो. केसीन घटते आणि रक्तातली प्रथिने वाढतात. दही घट्ट लागते ते केसीनमुळे. ते कमी झाले की दही पाणचट होते, चक्का-पनीर कमी उतरते. असे दूध उष्णताही नीट सोसत नाही. ऐन सणाच्या दिवशी बासुंदी किंवा ईदचा शिरखुर्मा करायला ठेवलेले दूध फाटले की घरात भांड्याला, विस्तवाला, नाहीतर सुनेच्या हाताला दोष दिला जातो. दूध शिळे झाले म्हणूनही ते फाटते; पण ताजे दूध वारंवार फाटत असेल, तर दोष सुनेच्या हातात नव्हे, गाईच्या कासेत शोधावा.

एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ. लॅक्टोज आणि केसीन त्यातच येतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो. एसएनएफ उतरला की दर उतरतो आणि दूध घालणाऱ्यावर पाणी मिसळल्याचा संशय येतो. बिचाऱ्याने थेंबभरही पाणी घातलेले नसते. पाणी त्याच्या गाईच्या रोगाने घातलेले असते.

आता नुकसानीचा हिशेब मांडू. समजा गाय रोज आठ लिटर दूध देते. एक सड कायमचे बंद पडले तर दीड-दोन लिटर गेले. तीनशे दिवसांच्या वेतात साडेचारशे ते सहाशे लिटर. वर औषधांचा खर्च आणि दर कमी मिळाल्याचा तोटा. पुढे ती गाय बाजारात नेली तर घेणारा आधी कासेखाली हात घालून बघतो. तीन सडांच्या गाईला चार सडांचा भाव कोण देणार?

इंजेक्शन आणि त्यानंतरचे दिवस

जंतूंमुळे झालेल्या कासदाहावर प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, वापरतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीन शोधले आणि पुढच्या दोन दशकांत ते गाईच्या कासेपर्यंत पोहोचले. या औषधांनी असंख्य जनावरे वाचवली, हे विसरता येत नाही. पण त्याच फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात इशारा दिला होता की औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जंतू त्याला सरावतात.

आपल्याकडे नेमके तेच घडते. सूज उतरली की दुसऱ्या दिवशी औषध बंद. उरलेली नळी पुढच्या वेळी कामी येईल म्हणून ताकावर. दुकानातून कुणीतरी सांगितलेले इंजेक्शन आणायचे आणि कुणीतरी टोचायचे. कोणता जंतू आहे, त्याला कोणते औषध लागू पडेल, याची परीक्षा प्रयोगशाळेत होते. आपल्या विदर्भासाठी सांगायचे तर नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली तिथेच स्थापन झाले. दुखणे वारंवार उलटत असेल तर दुधाचा नमुना तपासून घ्यायला आपल्या पशुवैद्यकाला जरूर सांगावे.

दुसरी गोष्ट शहरातल्या वाचकांशी थेट संबंधित आहे. गाईला दिलेले प्रतिजैविक काही दिवस दुधातून बाहेर पडते. दूध उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र बराचसा तसाच राहतो. म्हणून प्रत्येक औषधावर लिहिलेले असते की शेवटच्या मात्रेनंतर इतके तास किंवा दिवस दूध विकू नये. अशा दुधात विरजण लावले तर दही लागत नाही, कारण औषध विरजणातल्या उपयोगी जंतूंनाही मारते. आपल्या पोटातले आणि परिसरातले जंतू याच मार्गाने औषधाला सरावले, तर उद्या आपल्याच मुलाच्या तापावर ते औषध चालेनासे होते.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. प्रतिजैविकांचा अंश मात्र ७७ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाला. टक्केवारी छोटी आहे, सव्वा टक्क्याच्या आतली. घाबरून दूध सोडायचे कारण नाही. पण ज्या भेसळीची आपण रोज चर्चा करतो, तिच्यापेक्षा ज्याची चर्चाच होत नाही ते औषध अधिक नमुन्यांत होते, हे ध्यानात घ्यायला हवे. त्याच विचाराने सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा आधार ठरणारे औषध जनावरांना देण्यावर बंदी घातली.

औषध गाईपुरते राहत नाही, याचे आणखी एक उदाहरण आपल्या डोक्यावरच्या आकाशात आहे. सूज आणि दुखणे कमी करण्यासाठी जनावरांना डायक्लोफिनॅक सर्रास टोचले जात असे. असे जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली उघडकीस आले, तोवर देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी बहुतेक सगळी संपली होती. डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ साली बंदी आली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याला उरल्यासुरल्या गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ काढावी लागली. सूज उतरवायला मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना अपाय न करणारे औषध आहे, ते मागावे.

हाताची, फडक्याची, वाटीची गोष्ट

इंग्लंडमध्ये रीडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेने १९६०च्या दशकात कासदाह रोखण्याचा पाच कलमी कार्यक्रम तयार केला. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, आटलेल्या गाईच्या सडात औषध सोडणे, आजारी गाईवर लगेच उपचार करून नोंद ठेवणे, वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे आणि धारेचे यंत्र नीट ठेवणे. यांतले आटलेल्या प्रत्येक गाईला औषध देण्याचे कलम आता बदलले आहे. सरसकट प्रतिबंधासाठी प्रतिजैविक देण्यावर युरोपात २०२२ पासून बंदी आहे. पण बाकीचे शहाणपण टिकले आणि ते दारातल्या एका गाईलाही लागू पडते.

धार काढण्याआधी हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. कास पाण्याने धुतली तर कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी. ओली कास न धुतलेल्या कासेपेक्षा वाईट, कारण घाणीचे पाणी ओघळत थेट सडाच्या तोंडाशी येते. दोन गाई असतील तर फडकीही दोन. पहिल्या एक-दोन धारा बादलीत न घेता काळ्या वाटीत किंवा वाटीवर ताणलेल्या काळ्या कापडावर घ्याव्यात. काळ्यावर पांढरी गुठळी चटकन दिसते. त्या धारा जमिनीवर मात्र सोडू नयेत.

धार पूर्ण मुठीने काढावी. अंगठा दुमडून त्याच्या पेराने सड दाबण्याची सवय आपल्याकडे फार. त्याने सड आतून जखमी होते. बोटे दुधात बुडवून सड ओले करण्याची सवयही सोडावी. पान्हा उतरल्यावर त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो, तेवढ्यात धार पुरी व्हावी. धारेला बसून फोनवर बोलत राहू नये.

धार संपताच प्रत्येक सड आयोडीनयुक्त द्रावणाच्या छोट्या कपात बुडवावे. पोव्हिडोन-आयोडीन औषधाच्या दुकानात मिळते. सडासाठी त्याची मात्रा किती, ते डॉक्टरांना विचारावे. आणि लगेच गाईपुढे चारा टाकावा. तणस असो की हिरवा चारा, ती अर्धा-पाऊण तास उभी राहून खाते, तेवढ्यात सडाचा दरवाजा मिटतो. यात एक पैशाचाही खर्च नाही, फक्त चारा टाकण्याची वेळ बदलायची आहे. रोवणीच्या धावपळीतही हे जमण्यासारखे आहे.

आजारी गाय असेल तर तिची धार सर्वांत शेवटी. बसण्याची जागा कोरडी. गोंदिया म्हणजे तांदळाच्या गिरण्यांचे गाव, भुसा मुबलक; तो अंथरावा, पण ओला झाला की बदलावा. ओला भुसा अंथरण्यापेक्षा न अंथरलेला बरा.

घरगुती उपाय म्हणून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक लेप सुचवते. कोरफडीचा २५० ग्रॅम पाला, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून, पाण्यात पातळ करून, पूर्ण धार काढलेल्या कासेवर दिवसातून अनेकदा लावायचा. रोग नुकता सुरू झाला असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो. पण गाईला ताप असेल, ती चारा खात नसेल, तर लेपावर विसंबू नये. १९६२ या क्रमांकावर फोन करून सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

फेकलेल्या दुधाचा खर्च कोणाचा?

शेवटी एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फक्त गाईवाल्याने द्यायचे नाही. औषध दिल्यानंतर तीन-चार दिवसांचे दूध फेकून द्या, असे सांगणे सोपे आहे. ज्या घरात रोजच्या दुधाच्या पैशातून संध्याकाळचा किराणा येतो, त्या घराला ते फेकणे किती जड जाते याचा विचार सांगणाऱ्याने करावा. फॅटला पैसे मिळतात, एसएनएफला मिळतात. स्वच्छतेला मिळत नाहीत. कमी पेशींच्या, औषधमुक्त दुधाला चार पैसे जास्त मिळाले, तर सड बुडवायचा कप प्रत्येक कोठ्यात दिसेल. ग्राहकाला शुद्ध दूध हवे असेल, तर त्या शुद्धतेच्या खर्चातला वाटाही त्याने उचलायला हवा.

तोवर ज्याच्या दाराशी गाय आहे त्याने एवढे करावे. उद्या पहाटे पहिली धार काळ्या वाटीत घ्यावी आणि उजेडात धरून बघावी. दूध स्वच्छ असेल तर बादली लावावी. गुठळी दिसली किंवा गाईने पाय झाडला, तर तिच्यावर हात उगारू नये. कासेला हात लावून बघावे, कोणते सड गरम आहे ते ओळखावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.